मोकळ्या काठावरचे मासे

लातूरच्या आमच्या शाकाहारी घरात मासा असायचा तो फक्त पहिलीच्या पुस्तकात. नांदेडला एम.एस्सी. करणाऱ्या लेकीने तो थेट रविवारात आणला.

समुद्राकाठी शिंपल्यांचे ढीग रचून माशांना निवारा करतात, हे तिने वाचलं होतं. आपल्याकडे समुद्र कुठला? तिने लोह्याजवळचा तलाव धरला. नदीतले रिकामे शिंपले जाळीच्या पिशव्यांत भरून काठच्या उथळ पाण्यात तीन ढीग रचले. तुलनेसाठी तीन जागा मोकळ्या ठेवल्या, नुसती खुणेची काठी रोवून. दर रविवारी दोन्हीकडे सारखं जाळं लावायचं, मासे मोजायचे, सोडून द्यायचे. ढिगांजवळ जास्त मासे आले तर तिचं म्हणणं खरं, नाहीतर दोन सत्रांची मेहनत वाया.

जाळं टाकायला तलावावरचे भोईमामा. मी मास्तर असल्यामुळे माझ्याकडे वही. मासा वळवळला की मी दोन पावलं मागे सरकून आकडा लिहायचो.

"गुरुजी, तो चावत न्हाई," मामा म्हणायचे. "तुमच्या पोरांपरीस गरीब हाय."

चार रविवार झाले. दर वेळी मोकळ्या काठ्यांजवळच मासे जास्त. चौथ्या रविवारी लेक बादलीशेजारी बसूनच राहिली.

"अप्पा, माझंच काहीतरी चुकलं. सर म्हणतील विषय बदल."

मामा जाळं झटकत म्हणाले, "मासा येडा न्हाई, बाई. जिथं पोट भरतं तिथं येतो. पर त्या काठीपाशी खायला हाय तरी काय?"

माझा हात खिशातल्या मुरमुऱ्यांच्या पुड्यावरच थांबला.

आमच्याकडची रीतच तशी. पाण्याशी गेलं की माशांना मूठभर मुरमुरे टाकल्याशिवाय परतायचं नाही. ही दोघं पाण्यात टाकण्याआधी जाळी सोडवत असायची, तेवढ्यात मी काठाने चक्कर मारून पुडा रिकामा करायचो.

"मी थोडे मुरमुरे टाकत होतो," मी म्हणालो.

"कुठं?"

"काठ्यांपाशी."

"फक्त काठ्यांपाशी?"

"तुझ्या ढिगातल्यांना घर मिळालं होतं ना. ही बिचारी उघड्यावर."

आता रडते की काय, असं वाटत असतानाच तिला हसू फुटलं. "चार आठवडे अन्नछत्र चालवून राहिलात तुम्ही, अप्पा." मामा तर हातातलं जाळं सोडून हसत खालीच बसले.

सरांनी एक महिना वाढवून दिला. वही मामांच्या भाच्याकडे गेली आणि मी बाभळीखाली. खाली बसवण्याआधी मामा माझे खिसे चाचपायचे. पहिल्या रविवारी मासे सवयीने काठ्यांपाशीच घुटमळले. मला मान वर करवेना. दुसऱ्या रविवारी ते पांगले. तिसऱ्याला लेकीने बाभळीकडे हात हलवला, "अप्पा, या इकडं."

ढिगाजवळच्या जाळ्यात बोटाएवढी चांदीसारखी पिल्लं खच्चून भरली होती. काठीजवळच्या जाळ्यात तीन. तिने एक पिल्लू माझ्या ओल्या ओंजळीत सोडलं. या वेळी मी मागे सरकलो नाही. चौथ्या रविवारीही तसंच झालं.

प्रोजेक्ट पार पडला. अहवालात एक ओळ आहे: 'पहिली चार निरीक्षणे बाहेरून टाकलेल्या खाद्यामुळे रद्द केली.' पाहुणे आले की मी तेवढंच पान उघडून दाखवतो. हे आपलंच काम, असं सांगतो, आणि पुढ्यातले मुरमुरे त्यांच्याकडे सरकवतो.