तांबडीच्या गळ्यातला ठिपका

माझी लेक सोमाटण्याला राहते. तिच्या आईच्या दहाव्याला तिनं मला एकच गोष्ट विचारली. "आबा, आई डोंगरावर हाय असं त्या दिवशी तुमाला कुणी सांगितलं?"

मी म्हणालो, गुराख्यानं.

ते खोटं होतं. त्या दिवशी गुराख्याचं नि माझं एक अक्षर बोलणं झालं नव्हतं. पण गावात ते पसरलं, आणि त्याच्या सांगण्यानं घात झाला म्हणत लोकांनी त्याच्याकडं गुरं सोडायची बंद केली. माझी शाळा चौथीपर्यंत. लिहायची सवय नाही. पण हे खोटं पोटात घेऊन अन्न जात नाही, म्हणून लिहितोय.

आमचं गाव मावळात, डोंगराच्या पायथ्याला. घरात आम्ही दोघंच. मुलगा बाहेरगावी कंपनीत, तिकडंच राहतो. लेकीनं तिच्या मनानं लग्न केलं, जावई आमच्यातला नव्हता, म्हणून मी तिला उंबरा बंद केला. बायकोलाही सांगितलं, तिच्याकडं जायचं नाही. बायको गप्प बसली. ती गप्प बसली की मला वाटायचं, ऐकलं.

मी लोणावळ्यात भुशीकडच्या एका बंगल्यावर दिवसाची राखण करायचो. मालक मुंबईत बसून कॅमेऱ्यातून माझ्यावर नजर ठेवायचा. खुर्चीत जरा डोळा लागला की फोन. मी लय शिव्या द्यायचो त्याला, मनातल्या मनात. एका कॅमेऱ्याचं तोंड काठीनं आंब्याकडं वळवून ठेवलं होतं, तेवढ्या कोपऱ्यात मी निवांत भाकरी खायचो. म्हणजे नजरेखालचा माणूस काय करतो हे मला चांगलं ठाऊक होतं.

बायकोला साखरेचा आजार. इंजेक्शन घ्यायची. एकदा साखर उतरून नळावर पडली, बायांनी उचलून घरी आणली. मुलगा घाबरला. त्यानं तिला फोन आणून दिला, आणि ती कुठं आहे ते माझ्या फोनात नकाशावर दिसेल असं केलं. निळा ठिपका. तिला समोर बसवून दाखवलं, हे चालू आहे, नको वाटलं तर इथून बंद करायचं. ती हसली.

"म्हंजी माज्या गळ्यात दावं बांधलं म्हना की."

पण तिनं ते बंद केलं नाही. मी काळजी करतो असं तिला वाटत असेल. करतही होतो. मग एका गुरुवारी ठिपका सोमाटण्यात दिसला.

मी मुलाला म्हणालो, ती फोनवर काय बोलते तेही मला ऐकायचंय. त्यानं नाही म्हणून सांगितलं. ठिपका आईला माहीत आहे, तो वेगळा, चोरून ऐकणं वेगळं. असलं ॲप टाकलं तर तिचं बोलणं, फोटो, बँकेचे मेसेज कुणा तिऱ्हाइताकडं जाऊन पडतील, आणि मग कोण कोण ऐकतंय हे तुम्हालाही कळायचं नाही. मला वाटलं, पोरगा आईच्या बाजूनं बोलतोय.

लोणावळ्यात एका मोबाइलच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, फोन दहा मिनिटं हातात पाहिजे. मी बायकोला सांगितलं, रिचार्ज मारून आणतो. ॲप दिसायला आकडेमोडीच्या यंत्रासारखं. कुणाचा फोन म्हणून त्यानं विचारलं, मी म्हणालो, बायकोचा. पुढं काही विचारलं नाही त्यानं.

दोन दिवसांनी मायलेकींचं बोलणं माझ्या कानात. लेक विचारत होती, आबांनी प्रेशरची गोळी घेतली का. ते मी सोडून दिलं. मी फक्त गुरुवार ऐकला, आणि मेथीचे लाडू.

त्या संध्याकाळी जेवताना मी म्हणालो, "लाडू पोचलं का सोमाटण्याला?"

तिची तव्यावरची भाकर उलटायची राहिली. "ऐकता व्हय तुमी?"

"व्हय. आन बघतो बी."

भाकर करपली तरी ती हलली नाही. एवढंच. भांडली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर गुरुवारी ठिपका डोंगरावर दिसायला लागला. गावची गुरं गुराखी सकाळी डोंगरावर नेतो, त्यात आमची तांबडी गाय. बायको म्हणाली, मी बी जाते गाईमागं, सरपण मिळतं. ठिपका हळूहळू चढायचा, दुपारी झऱ्यापाशी बसायचा. मी बंगल्यावर चहा पीत बघायचो. सरपण काही घरात वाढत नव्हतं. ते मी बघितलंच नाही, मी फोन बघत होतो.

त्या गुरुवारी बाराच्या सुमाराला लेकीचा फोन आला. चार वर्षांत पहिला.

"आबा, आई अजून आली न्हाई. सकाळीच निघते म्हनली होती. फोन बी उचलत न्हाई."

मी ठिपका बघितला. झऱ्यापाशी.

"तुजी आई डोंगरावर हाय. मला खोटं सांगू नको."

"आबा, ऐका तरी."

मी फोन ठेवला. आणखी दोनदा आला, उचलला नाही.

बायको तेव्हा सोमाटण्याच्या चौकाजवळ एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलेली होती. साखर उतरली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटलं, म्हातारी दमलीय. मग ती आडवी झाली, तेव्हा कुणीतरी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिच्याजवळ लाडवाचा डबा होता. फोन नव्हता. कुणाला कळवायचं हे कुणाला कळेना. लेक एकेक दवाखाना धुंडत चार वाजता तिथं पोचली. डॉक्टर तिला म्हणाले, लवकर आणायला पाहिजे होतं.

मुलानं मला फोन केला, आई दवाखान्यात आहे. मी पुन्हा ठिपका बघितला. तो डोंगर उतरत होता. मी मुलालाही म्हणालो, न्हाई रे, ती घरी निघालीय.

मी पोचलो तोवर ती गेली होती.

दुसऱ्या दिवशी स्मशानातून आल्यावर गुराखी दारात आला. हातात गोधडीच्या कापडाची पिशवी, तांबडीच्या गळ्यात घंटेशेजारी बांधलेली होती ती. आत बायकोचा फोन. तो म्हणाला, वहिनी दर गुरुवारी बांधायच्या, मला वाटलं तुमाला ठावं असंल.

हे सगळं मला दहाव्याला ठाऊक होतं. तरी मी त्याचं नाव घेतलं. कुणी त्याला विचारलं तर तो म्हणायचा, म्हाताऱ्याचं घर बसलंय, म्हनू द्या.

मुलानं ते चोरटं ॲप काढलं, सगळे पासवर्ड बदलले. मी त्याच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं होतं, तिचा आवाज ठेव म्हणून. त्यानं एकच बोलणं ऐकू दिलं. त्या करपलेल्या भाकरीनंतर ती त्या फोनवर फक्त दळणाचं आणि दुधाचं बोलायची. लेकीला फोन शेजारणीकडून करत होती. आवाज तिचा होता, पण त्यात ती नव्हती. "हा चोरीचा आवाज आहे, आबा," मुलगा म्हणाला, आणि पुसून टाकला.

गेल्या महिन्यात मी सकाळी दूध घालायच्या वेळी डेअरीवर गेलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं, गुराख्यानं काही सांगितलं नव्हतं, मी खोटं बोललो. एकानं किटली उचलली आणि तो निघून गेला.

मग सोमाटण्याला गेलो. लेक दारात उभी राहिली, आत या म्हणाली नाही. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, लाडवापासून पिशवीपर्यंत. पिशवी तिच्या हातात दिली. ती उलटी करून तिनं शिवण बघितली.

"किती बारीक टाका घातलाय आईनं," ती म्हणाली. "एवढं भ्यायची ती तुमाला?"

तिनं पिशवी ठेवून घेतली आणि दार लावलं.

मुलाला सांगून मी माझा ठिपका लेकीच्या फोनात दिला आहे. तिला विचारून. नको वाटलं तर तिनं बंद करावा. दर गुरुवारी मी त्या बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसतो, बायको बसली होती तिथं. लेकीचं घर तिथून चालत दहा मिनिटांवर आहे. शेवटच्या एसटीपर्यंत बसतो. ठिपका तिला दिसत असेल. तिनं तो बंद केलेला नाही, असं मुलगा सांगतो. अजून आलेली नाही.