तुरटीचे चार फेरे

मासा नांदेडहून आणला त्या दिवसापासूनच मी घाबरलेला होतो. थर्माकोलचा डबा, डब्यात ऑक्सिजन भरलेली पिशवी, पिशवीत अंगठ्याएवढा केशरी अंगाचा, पांढऱ्या पट्ट्यांचा समुद्री मासा, आणि तो डबा मांडीवर घेऊन मी लातूरच्या एसटीत. प्रत्येक खड्ड्याला दोन्ही हातांनी डबा उचलून धरत होतो. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय हाय त्यात? दवाई हाय का?" मी हो म्हणून मोकळा झालो. मासा म्हटलं असतं तर त्यांनी कालवणाची कृती सांगितली असती आणि ती ऐकण्याची माझ्यात ताकद नव्हती.

भीतीला कारण होतं. याच्या आधीचा मासा माझ्या घाईने तिसऱ्याच दिवशी मेला होता. वडील गेल्यापासून आई निलंग्याजवळचं गाव सोडून आमच्याकडे राहते. अंडंसुद्धा न शिवणारी बाई, पण तो मेलेला मासा तिनेच हातात घेतला आणि जास्वंदीखाली पुरला. "आपल्या हातानं कुनाचा जीव जाऊ न्हाई रं," एवढंच म्हणाली. तेव्हा मी तिला शब्द दिला होता, अजून एकदाच. हाही गेला तर टाकी विकून टाकीन.

म्हणून या खेपेला मी कुठेच कसूर ठेवली नाही. माझं औषधाचं दुकान आहे. तिथली सलाईनची नळी आणून टाकीतलं पाणी थेंब थेंब माशाच्या भांड्यात सोडत दोन तास बसलो, म्हणजे नव्या पाण्याची त्याला हळूहळू सवय व्हावी. आई मोढा ओढून शेजारी बसली. "आता मासोळीलाबी सलाईन व्हय!" म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली. पुढचे आठ दिवस मी दुपारी दुकान बायकोवर टाकून घरी यायचो, काचेला नाक लावायचो, तो हलताना दिसला की जेवायचो.

मग तो रविवार आला.

आमच्याकडे समुद्र बादलीत तयार करावा लागतो. फिल्टरचं पाणी घ्यायचं, त्यात पाकिटातलं समुद्री मीठ टाकायचं आणि ते नीट मिसळेपर्यंत एक छोटी मोटार पाण्यात फिरत ठेवायची. सुरुवातीला हे पाणी दुधाळ दिसतं, नंतर आपोआप निवळतं. सकाळी मी बादली लावून दुकानात गेलो. दुपारी येऊन बघतो तर मोटार बंद, आणि पाणी असं नितळ की त्यात तोंड दिसावं. लाईट गेली असेल म्हटलं. एवढं स्वच्छ पाणी बघून मला उलट बरंच वाटलं. खारटपणा मोजला, बरोबर होता. टाकीतलं थोडं जुनं पाणी काढून मी ते नवं पाणी ओतलं.

अर्ध्या तासात मासा कोपऱ्यात गेला. कल्ले धापा टाकल्यासारखे उघडमीट करायला लागले. मग तो एका कुशीवर कलला. काय चुकलं ते कळेना. पुन्हा बादलीपाशी गेलो. तळाशी पांढरा, कापसासारखा साका बसलेला, आणि शेजारी मोरीच्या कठड्यावर तुरटीचा खडा. ओला.

"आई, तुरटी कुणी फिरवली?"

"म्या फिरवली की," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "पानी लई गढूळ दिसलं. चार फेरे दिले. अन् ती मोटार फुकटची फिरून राहिली होती, तीबी बंद केली."

आमच्या नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं. ते भरून ठेवायचं आणि गढूळ असलं की त्यात तुरटी फिरवायची, हे आई जन्मभर करत आली. त्या दिवशीही तिने तेच केलं होतं. हे मला आज सुचतंय. तेव्हा मी ओरडलो, "मारलंस तू त्याला! तुझ्या हाताने मारलंस!"

आई दारात उभी होती. हातातली पळी तिने तशीच धरून ठेवली.

मी नांदेडच्या दुकानदाराला फोन लावला. दोनदा भलतीकडेच लागला. तो म्हणाला, "घाबरू नका साहेब. तुरटीने यांच्या कल्ल्यांना त्रास होतो. ताजं पाणी करा, चार तास तरी फिरू द्या, मग निम्मी टाकी बदला. पाण्यातली घाण शोषणाऱ्या कोळशाची पुडी दिली होती ना, ती आत्ताच फिल्टरमध्ये टाका." घरात फिल्टरचं पाणी संपलेलं. चौकातून दोन जार आणले, मीठ टाकलं, मोटार लावली. आणि मग ते चार तास.

मी घड्याळ बघायचो, मासा बघायचो. तो आता तळाच्या वाळूला टेकला होता. मध्येच कल्ले थांबल्यासारखे वाटायचे आणि माझाही श्वास अडकायचा. बोटभर माशासाठी पन्नाशीचा माणूस देवाला हात जोडत होता, याची मला त्या वेळी लाज वाटली नाही. आई मोढ्यावर बसून होती. तिने चहा घेतला नाही, पाणीसुद्धा घेतलं नाही. एकदाच म्हणाली, "हाय का रं अजून?" मी काचेवरून नजर काढली नाही.

सहा वाजता पाणी बदललं. साडेसात वाजता मासा वाळूवरून उठला, डुगडुगत दगडामागे गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने दाणा खाल्ला. मी आईला हाक मारून दाखवला. तिने लांबूनच बघितलं, काचेजवळ आली नाही.

मासा वाचला, आणि ती दुपार मी विसरूनही गेलो.

चार-पाच दिवसांनी नळ आला. नेहमीसारखी आईने पिंप भरलं, हंडे भरले, कळशा भरल्या. पाणी मातकट होतं. मी दाढी करत होतो. पाठीमागे कुणीतरी उभं आहे असं वाटलं म्हणून वळलो, तर आई. मूठ पदराखाली.

"आपल्या प्यायच्या पान्यात फिरवू का?" तिने विचारलं. "का त्यानं बी कुनाला काही व्हईल?"

कोसभर लांबच्या विहिरीवरून पाणी आणून ज्या बाईने आम्हा चार भावंडांना वाढवलं, ती मला विचारत होती.

"फिरव की आई," मी म्हणालो. साबण तोंडाला तसाच होता. "विचारतेस काय?"

ती पिंपाशी गेली. मूठ उघडली, खडा पाण्यात धरला. एक फेरा दिला, आणि थांबून माझ्या तोंडाकडे बघायला लागली.