परिच्छेदाआधीची दोन बोटं जागा

हे मी घरातही बोललेलो नाही. आज तुम्हाला सांगतो आहे — का, ते विचारू नका, मलाही नीट माहीत नाही.

आमच्या धाराशिवात काही मंडळींनी गावाकडच्या बोलीचा विकी सुरू केला. विकी म्हणजे कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं अशी वेबसाइट. उद्घाटनाला शाली झाल्या, नारळ झाला, एका माननीयांनी माऊसला हळदकुंकूही वाहिलं. लिहायला मात्र चारच माणसं उरली. त्यांतला मी — निवृत्त प्राध्यापक, म्हणून आपोआपच तपासनीस. आणि जळकोटच्या नीलाबाई. त्यांचं किराणा दुकान. गिऱ्हाईक नसलं की मोबाइलवर लिहायच्या.

काय लिहायच्या! त्यांची अव्वा, म्हणजे आई, तेव्हा नव्वदीला टेकलेली. निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलायची, आणि एकदा सुरू झाली की पेरणीला निघालेलं वाक्य हुरड्यापाशीच थांबायचं. ते वाक्य नीलाबाई न तोडता उतरवायच्या. मी आयुष्यभर गद्य शिकवलं — असं गद्य मला एकदाही लिहिता आलं नाही. हे तेव्हा कबूल केलं असतं, तर पुढचं घडलंच नसतं.

झालं असं. नीलाबाई प्रत्येक परिच्छेदाआधी दोन बोटं जागा सोडायच्या. शाळेत बाईंनी वळण लावलेलं. तुमच्या-माझ्या पिढीत कुणाला नव्हतं? लिहिताना पडद्यावर सगळं साजरं दिसायचं. पण आमच्या विकीत ओळीच्या सुरुवातीला मोकळी जागा दिसली, की जतन करताच तो परिच्छेद करड्या चौकटीत जायचा आणि एकाच ओळीत पडद्याबाहेर पळायचा. मोबाइलवर कोण वाचणार ते? ती जागा पुसली की पान सरळ. एक कळ दाबायची — बस.

मला हे ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून.

बैठकीत त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "सर, माझंच पान असं गठुड्यावानी का दिसतंय? बाकीच्यांचं तर इस्त्री केल्यावानी हाय."

मी काय म्हणालो? — "लांब वाक्यं त्याला पेलत नाहीत, नीलाबाई."

शांतपणे म्हणालो. चहाही घेतला वर.

त्या हसल्या. "म्हंजी आमच्या जावयासारखंच हाय की. लई बोललं की तोंड फिरवतंय." आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वाक्यं तोडायला घेतली. चार शब्द, की पुढची ओळ, तिच्याआधीही दोन बोटं जागा. चौकट राहिली, पण मजकूर पडद्यात मावू लागला. आणि खरं सांगू? त्या तुकड्यांतही धार होती. माझी सुबक, सरळ पानं कुणी उघडत नव्हतं. नीलाबाईंची चौकटीतली पानं लोक एकमेकांना पाठवत होते. पुढं एकदा त्यांनी माझे आभारही मानले — सरांनी सांगितलं म्हणून जमलं.

तेव्हा तरी बोलायला हवं होतं ना? मी नुसती मान हलवली.

पुढच्या बैठकीला मी सहज विचारलं, अव्वांचं बोलणं हल्ली दिसत नाही.

"तिचं कसं तोडू, सर?" त्या म्हणाल्या. "मधीच तोडलं तर ती अव्वा ऱ्हात न्हाय. त्या यंत्राला पेलत न्हाय, तर ऱ्हाऊ द्या. तिचं उतरवणं म्या बंद केलं."

बाकीचे अजून यायचे होते, खोलीत आम्ही दोघंच होतो. माझ्याकडं पूर्ण वेळ होता. मी म्हणालो, "बरोबर आहे."

त्या उन्हाळ्यात अव्वा गेल्या. मी जळकोटला जाऊन आलो. नीलाबाईंनी पाणी दिलं, शेजारी बसल्या, आणि म्हणाल्या की आई शेवटपर्यंत बोलत होती, लई बोलत होती. मी ऐकून घेतलं आणि साडेचारची बस धरली.