हिरव्या ट्रायम्फचा होस पाइप

डेस ट्रँटर कॉव्हेंट्रीत जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान चालवायचा. शेजारच्या शेडमध्ये माझं लेथ मशीन होतं, म्हणून हे सगळं मी जवळून पाहिलं. ट्रायम्फ मोटारींचा कारखाना बंद पडला, अस्सल माल मिळेनासा झाला आणि डेसचा भाव वधारला. कुठल्या ट्रॅक्टरचा थर्मोस्टॅट, कुठल्या व्हॅनचं दाराचं हँडल कोणत्या स्पोर्ट्स गाडीला बसतं, हे त्याच्या बोटांना पाठ होतं.

त्र्याऐंशीच्या मे महिन्यात एक बाई आली. पस्तीस-अडतिशीची, डोक्याला पिवळा रुमाल, बाहेर हिरवी, उघड्या टपाची ट्रायम्फ. पुढच्या डाव्या चाकाच्या ब्रेकला तेल पोचवणारा रबरी होस पाइप चिरला होता आणि तिला त्याच दुपारी वेल्सच्या डोंगरात जायचं होतं.

डेसने एका मालवाहू गाडीचा पाइप काढला. "आटे तेच आहेत. अर्धा इंच लांब आहे, एवढंच."

"चालेल ना?"

"न चालायला काय झालं?"

त्याने तो तिथेच रस्त्यावर बसवून दिला. बाई गेली. मग आम्ही चहाला बसलो आणि डेसचा कप ओठांपाशीच थांबला. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की तो लांब पाइप टायरला घासणार होता. घासून घासून फुटणार होता आणि ब्रेक जाणार होता. एका क्लिपने बांधून घ्यायला हवा होता, आणि तेच राहिलं होतं. तो रस्त्यापर्यंत धावला. रस्ता रिकामा. नाव त्याने विचारलं नव्हतं, गाडीचा नंबर तेवढा डोक्यात राहिला होता.

चौथ्या दिवशी त्याच्या बायकोने, बेरिलने, पेपर वाचून दाखवला. वेल्सच्या घाटात छोटी गाडी दरीत गेली, एक बाई दगावली. डेसने तीन दिवस धीर गोळा केला आणि तिथल्या पोलिसांना फोन लावला. गाडी लाल होती, बाई वेगळीच.

"झालं ना समाधान?" बेरिल म्हणाली.

"या वेळेला ती नव्हती," डेस म्हणाला.

तिथून त्याचं बिनसलं. ब्रेकसाठी दुसऱ्या गाडीचा माल द्यायचं त्याने बंद केलं, गिऱ्हाईकं शिव्या देत परत जायची. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता तो मध्येच दाराकडे बघायचा आणि बाजूला सरकायचा, कुणाला तरी काउंटरपाशी जागा करून दिल्यासारखा. रविवारी जुन्या गाड्यांचा मेळावा असेल तिथे जायचा आणि प्रत्येक हिरव्या ट्रायम्फच्या डाव्या चाकामागे हात घालायचा.

"काय डेस, गुडघे टेकून प्रार्थना चाललीय का?" लोक विचारायचे.

"तसंच समज," तो म्हणायचा.

अशी सव्वीस वर्षं गेली. मग श्रॉपशरमधल्या एका मेळाव्यात तो नंबर दिसला. गाडी ठणठणीत होती. मालकाने ती ज्यांच्याकडून घेतली होती त्यांचा पत्ता दिला: हेस्टर लोमॅक्स, लडलो गाव. दुसऱ्या शनिवारी मीच डेसला घेऊन गेलो.

दार उघडलं ते एका पांढऱ्या केसांच्या बाईने, हातात बागेची कात्री. डेसने सगळं सांगितलं.

"होस पाइप?" बाई म्हणाली. "मला नाही हो आठवत. वेल्सहून आल्यावर मी ब्रेकचं सगळं काम नव्याने करून घेतलं होतं."

"वळताना काही घासल्याचा आवाज?"

"त्या गाडीत आवाज कुठून येत नव्हता ते विचारा." ती हसली. मग तिने डेसच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसायची थांबली. "आत या. चहा टाकते."

रूबार्बची आंबटगोड पेस्ट्री तिने आग्रहाने वाढली. डेसने चमचाही लावला नाही, तिच्याकडे बघत बसला.

परतताना मी म्हटलं, "सुटलास बाबा एकदाचा."

तो काचेबाहेर बघत म्हणाला, "ही जिवंत आहे, बरं झालं. पण दुकानात येऊन उभी राहते ती म्हातारी नाही रे झाली. ती अजून तेवढीच आहे. मग ती कोण?"

दुकान त्याने पुढे दोन वर्षं चालवलं. सकाळी शटर वर केलं की तो आधी आतल्या अंधाराला "गुड मॉर्निंग, मॅडम" म्हणायचा, थोडा थांबायचा आणि मग दिवा लावायचा.