आत्याबाईचे चार दगड

आमच्या घरी तराजू नव्हता. कामरगावाबाहेरच्या दीड एकर मळ्यातली वांगी-मेथी वाटे लावून विकायची आणि खपलं नाही ते आपण खायचं, असा संसार. पुष्कळ दिवस भाकरीबरोबर फक्त लोणचंच असे. घरात मोजायला एकच वस्तू, लोखंडी अधोली, म्हणजे अर्ध्या पायलीचं माप. ती गोदाआत्याबाईच्या ताब्यात.

आत्याबाई ही वडिलांची विधवा बहीण. ज्वारी मोजताना ती अधोली तीनदा जमिनीवर ठोकायची. कैरीच्या फोडी किंवा कुठलंही फळ मोजताना कधीच नाही. "फयाले ठोकू नये, त्याले लागते," म्हणायची.

मी अमरावतीला कॉलेजात निघालो तेव्हा तिने लोणच्याची बरणी भरून दिली. ती बैलगाडीतच फुटली. खोलीवर मी हाताने रांधत असे आणि भाजी परवडत नव्हती. माझं वर्षाचं तोंडीलावणं रस्त्यात सांडलं. बाजारात कैऱ्या शेराने, म्हणजे वजनावर मिळत. आत्याबाईचं प्रमाण मात्र मापाचं: अधोलीभर फोडींना चार मुठी मीठ. मी हुशारी केली. अधोलीभर ज्वारी किती शेर भरते ते मला पाठ होतं. तितकेच शेर फोडी घेतल्या, चार मुठी मीठ घातलं. महिन्याभरात बरणीत बुरशी.

दिवाळीत घरी आलो तो कॉलेज सोडायचं ठरवूनच. कोरडी भाकर घशाखाली उतरत नाही, म्हणालो. आत्याबाईने सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"काहून रे बापा, जवारी अन् कैरी एका मायच्या लेकी हायेत का? जवारी दाटीनं बसते. फोडी बसतात मांडवातल्या इहिणीवानी, पाय पसरून! तेवढ्या वजनाच्या फोडी अधोलीत मावतीन का? फोडी जास्त झाल्या, मीठ कमी पडलं. बुकं शिकून राह्यला अन् लोणचं नासवून राह्यला."

"मग अधोली देतेस का?"

"अन् घरी मी काय टोपल्यानं मोजू? जाय तू कॉलेजात. बाकीचं माह्यावर सोड."

मी गेलो. पुढचं मला गावच्या दुकानदाराने सांगितलं. हिवाळ्यात ती अधोलीभर आवळे आणि पदरात नाल्यातले दगड घेऊन त्याच्याकडे गेली. एका पारड्यात आवळे, दुसऱ्यात एकेक दगड, काटा सरळ होईपर्यंत. मग लिंबं. उन्हाळ्यात कैरीच्या फोडी. शेवटी चार मुठी मीठ.

"बाई, घेनं काई नाही अन् तागडी अडवून बसली?" तो चिडवायचा.

"तुही तागडी काय झिजते? माह्या पोराचं शिक्षण थांबून राह्यलं ना!"

जूनमध्ये तिने माझ्या हातात एक पोटली ठेवली. आत चार दगड, प्रत्येक चिंधीत बांधलेला. तिला अक्षर येत नव्हतं, म्हणून एका चिंधीत सुकलेली कैरीची फोड, एकीत आवळकाठी, एकीत लिंबाची साल. लहान दगडाच्या चिंधीत मिठाचा खडा. आता तागडीच्या एका पारड्यात दगड टाकला की दुसऱ्यात बरोबर अधोलीभर फोडी आणि त्यांना लागणारं मीठ जोखून मिळे.

शेवटच्या वर्षी, परीक्षेआधीच्या माघात, ती गेली. घरी पोचलो तेव्हा माझी धाकटी बहीण ज्वारी मोजत होती. अधोली तीनदा ठोकल्याचा आवाज आला आणि मी दारातच थांबलो.

चिंध्या आता विरल्या. आवळकाठी मुंग्यांनी नेली. पण डोळे मिटूनही मी कैरीचा दगड ओळखतो. 

ते दगड हाती आल्यापासून कॉलेजची पुढची तीन वर्षं बरणी नासली नाही. मी बी.ए. झालो. आमच्या घरातला पहिला.