आतोबांचं माप

लाज ही वस्तू आमच्या आतोबांना जन्मतः मिळालीच नव्हती, आणि हे बुऱ्हाणपुरात माझ्याइतकं छातीठोकपणे कोणी सांगू शकणार नाही, कारण त्यांच्या वाट्याची सगळी लाज माझ्याकडे आली होती. ते बोलायचे आणि मान मी खाली घालायचो. ते भर चौकात एखाद्या अनोळखी माणसाला थांबवून "तुम्ही आत्ता काय म्हणालात? परत म्हणा पाहू," असं फर्मावायचे आणि मी शेजारच्या दुकानात कपबश्यांचे भाव विचारू लागायचो. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. उभा जन्म शाळेत मराठी शिकवण्यात गेला, आणि शाळा सुटली तरी शिकवणं काही सुटलं नाही. भर उन्हाळ्यातसुद्धा बंद गळ्याचा कोट, काखेत छत्री आणि नजर समोरच्याच्या तोंडाकडे. भाजीवाली असो, टांगेवाला असो, प्रत्येकाची मराठी ते जागच्या जागी दुरुस्त करत. एकदा आम्ही गल्लीतल्या एका म्हाताऱ्याच्या अंत्ययात्रेत चाललो होतो. कोणीतरी हळहळून म्हणालं, "बुढा एकदम से गेला हो!" तिरडीच्या मागून आतोबांचा खणखणीत आवाज आला, "एकाएकी! एकाएकी गेला म्हणा!" पुढे चाललेल्या मुलानं मडकं सांभाळत मागे वळून पाहिलं. माझ्या चपलेचा अंगठा तुटला असं सोंग करून मी रस्त्याच्या कडेला बसून राहिलो.

ती वर्षं राज्यं जोडण्याची होती. आमची राजधानी काल नागपूर होती, आज भोपाळ झाली. पलीकडची खानदेशातली मराठी माणसं एका राज्यात गेली, तापीच्या काठची आम्ही दुसऱ्या राज्यात राहिलो. बाकीच्यांनी कचेऱ्यांवरच्या नव्या पाट्या वाचल्या आणि आपापल्या कामाला लागले. आतोबांनी मात्र हे मनाला फारच लावून घेतलं. "पाहून घे," ते मला म्हणाले, "दोन पिढ्यांत इथली मराठी हिंदीत विरघळून जाईल, आणि ती कशी होती हे सांगायलाही कोणी उरणार नाही." म्हणून त्यांनी घराच्या माडीवर एक भाषा संशोधन मंडळ काढलं. एक टेबल, एक कपाट आणि आतोबा, एवढं ते मंडळ होतं. मी तहसील कचेरीत कारकून होतो. संध्याकाळी कचेरी सुटली की मंडळाचा मदतनीस व्हायचो, कारण नाही म्हणायची सोय आत्यानं ठेवली नव्हती. मंडळाचं बळ वाढवायचं तर यंत्रं पाहिजेत, हे आतोबांच्या डोक्यात बसलं होतं. त्यांनी भोपाळला इतके अर्ज धाडले की शेवटी, बहुधा ते अर्ज थांबावेत म्हणूनच, शिक्षण खात्यानं एक टाइपरायटर पाठवून दिला.

टाइपरायटर हिंदीचा होता आणि त्यात ळ नव्हता. आतोबा त्या यंत्राकडे कितीतरी वेळ बघत राहिले. "अरे, केळीचा मुलूख हा! इथं ळ नसून कसं चालेल?" मंडळाचं पहिलं पत्र गेलं ते 'भाषा संशोधन मंड' या नावानं. दुसऱ्या दिवशी ते रबरी शिक्के बनवणाऱ्याकडे गेले आणि त्यांनी नुसत्या ळचा शिक्का करून घेतला. तेव्हापासून कोटाच्या एका खिशात शिक्का आणि दुसऱ्या खिशात जांभळ्या शाईचं पॅड. मंडळाच्या कागदांवर त्यांनी ळ उमटवले त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पुढे बाहेरच्या जगात जिथं जिथं ळ गळलेला दिसेल तिथं तिथं ते शिक्का मारत सुटले. औषधाच्या दुकानातलं वेळापत्रक, नाटकाची जाहिरात, पोस्टातली सूचना, काही म्हणून सुटलं नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी पत्रिका खंडव्याला छापून घेतल्या होत्या आणि त्या छापखान्यातही ळचा खिळा नव्हता. सगळी 'मंडली' 'वेलेवर' येणार होती. साखरपुड्याच्या दिवशी पाहुणे पंगतीला बसले असताना आतोबा पत्रिकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन ओट्यावर बसले आणि एकेका पत्रिकेवर ठप्प ठप्प शिक्के मारू लागले. जांभळा ळ मूळच्या ल च्या दुप्पट मोठा होता. सासऱ्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हे तुमचे कोण?" मी म्हणालो, "आत्याचे यजमान." आतोबा असा सरळ शब्द असताना मी हा लांबचा रस्ता धरला, कारण मधे जमेल तेवढं अंतर पडावं असं मला फार वाटत होतं.

त्यानंतर टेपरेकॉर्डर आला. गावाबाहेरच्या लालबाग स्टेशनावरून आतोबांनी तो टांग्यातून आणला, आत्याच्या गोधडीत गुंडाळून, आणि टांगेवाल्याला वाटेत तीनदा "हळू हाका, आत बाळ आहे," असं सांगितलं. आत्यानं यंत्राला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. पण पहिल्याच दिवशी एक अडचण उभी राहिली. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना कापडाचे माग होते आणि रीळ फिरवून ऐकलं तर माणसाच्या आवाजाआधी मागाची खडखड ऐकू येत होती. आतोबा तडक शेजारच्या मागवाल्या चाचांकडे गेले आणि मराठी भाषेसाठी माग बंद ठेवण्याची त्यांना विनंती केली. चाचा मोठे सज्जन. म्हणाले, "मास्टर साहब, जुम्मे को तो सब बंद ही रहता है. जिसको बुलवाना हो, जुम्मे को बुलवा लो." तेव्हापासून आमच्या मंडळात मराठी भाषा फक्त शुक्रवारी बोलली जाऊ लागली.

आतोबांचं म्हणणं असं की माणसाची खरी बोली भांडणात निघते. म्हणून एका शुक्रवारी त्यांनी बहादरपूरच्या दोन केळीवाल्यांना मुद्दाम बोलावून आणलं. दोघांचं पाण्याच्या पाळीवरून वाकडं होतं आणि बांधावर दोघं एकमेकांचा उद्धार करत असल्याचं सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण यंत्रापुढे बसल्यावर दोघं पाहुण्यासारखे वागू लागले. "आधी तुम्ही घ्या पाणी, दादा." "नाही, नाही, तुम्ही घ्या." रीळ फुकट चाललेलं पाहून आतोबांचा जीव कासावीस झाला. ते मधेच म्हणाले, "काय हो, रात्री पाटाची दारं कोण फोडतं मग?" झालं, क्षणात भांडण पेटलं. मात्र ते दोघांत झालं नाही. दोघं मिळून आतोबांवर उलटले. "बुढ्या, आमच्यात काडी लावू राहिला का तू?" आतोबा हात जोडून सांगत होते, "वा! आता जरा यंत्राकडे तोंड करून बोला." मी जिन्यात उभा राहून वर येणाऱ्या शेजाऱ्यांची क्षमा मागत होतो.

आता यंत्राची एक अट होती. खात्यानं ते वर्षाच्या बोलीवर दिलं होतं. वर्षअखेर कोणीतरी येऊन काम तपासणार, काम पटलं तर यंत्र मंडळाचं, नाही तर उचलून खंडव्याच्या एका कॉलेजात. आतोबांना दुसरं काही सुचेना. यंत्र गेलं की मंडळ म्हणजे पुन्हा एक टेबल आणि एक कपाट. तपासणीला एक पक्की गोष्ट दाखवायला हवी म्हणून त्यांनी ठरवलं, की गावोगावच्या नमुन्यांआधी शुद्ध मराठीचं एक रीळ करायचं. वाण्याकडे जसं माप असतं तसं. त्या मापाला लावून प्रत्येकाची बोली कुठं किती घसरली ते सांगता येईल. आणि असं शुद्ध माप बुऱ्हाणपुरात कोणाच्या तोंडी होतं, हा प्रश्न आम्हाला कोणालाच पडला नाही. एका शुक्रवारी सकाळी आतोबा यंत्रापुढे बसले. सुरुवातीला कागद वाचला, मग रंगात आले, कागद बाजूला ठेवला आणि मनापासून बोलू लागले. खालून आत्यानं जेवायला हाक मारली, तिला उत्तरही त्यांनी त्यातच दिलं. नंतर आम्ही सगळ्यांनी ते रीळ ऐकलं. आत्यानं ऐकलं, शाळेतले त्यांचे जुने सोबती येऊन ऐकून गेले. सगळ्यांचं एकच मत पडलं, की याहून शुद्ध मराठी असणं शक्य नाही. मलाही तेच वाटलं होतं.

खात्यानं पाठवलेले पाहुणे मूळचे पुण्याचे, भाषाशास्त्राचे मोठे जाणकार. दोन तारा करून आतोबांनी त्यांना शुक्रवारीच यायला लावलं. स्वागताचं भाषण त्यांनी सभेतल्या उंच आवाजात वाचून दाखवलं, आणि त्यानंतर चहा-फराळाच्या गडबडीत फारसे बोललेच नाहीत. नमुने सुरू झाले. पाहुणे ऐकत होते, मान हलवत होते, पण चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. केळीवाल्यांच्या भांडणाला थोडे हसले, एवढंच. एकदा त्यांनी घड्याळाकडेही पाहिलं. आतोबांनी मला खूण केली आणि मी मापाचं रीळ चढवलं.

घाईत कागद वाचण्याचा भाग मी पुढे सरकवला आणि यंत्रातून आवाज आला, "तर भाऊ, शुद्ध मराठी कशी पाहिजे, तर अशी पाहिजे का ऐकणाऱ्यानं म्हटलं पाहिजे, वा! पण आपल्या इकडचे लोकं काय करू राहिले? हिंदीच्या मारे मराठी बिघडवू राहिले. एकदम से बिघडवू राहिले." मग लांबून बाईचा आवाज, "जेवाले या ना, पोळ्या थंड होऊ राहिल्या!" आणि जवळून, "येऊ राहिलो ना वं, जरा दम धर!"

पाहुणे खुर्चीत ताठ बसले. त्यांचे डोळे चमकू लागले. "थांबा, हे परत लावा," ते म्हणाले. मी परत लावलं. "अस्सल! इतका अस्सल नमुना मी या भागात अजून ऐकला नव्हता. एवढं एक रीळ भोपाळला ऐकवलं तरी हे यंत्र इथून कोणी हलवणार नाही. कोण हो हा शेतकरी? कुठला?"

मी आतोबांकडे पाहिलं. वाटलं, आता हे नेहमीसारखे उसळतील, छत्री आपटतील, त्या पुण्याच्या पंडिताचीच मराठी दुरुस्त करायला घेतील. मी तर मनातल्या मनात कपबश्यांच्या दुकानाकडे निघालोही होतो. आतोबांच्या हातात किटली होती. ते पाहुण्यांच्या कपात चहा ओतत होते आणि कप आधीच भरलेला होता. चहा बशीतून टेबलावर आला, टेबलावरून खाली गळू लागला. त्यांचे कान लाल झाले होते. इतक्या वर्षांत मी ते कान लाल झालेले कधी पाहिले नव्हते.

"तुकईथडचा आहे," ते अगदी हळू म्हणाले. एकेक शब्द जपून, जोखून.

"मला भेटायचंय त्याला. भेटता येईल?"

"नाही." आतोबांनी किटली खाली ठेवली. "वारला."

"अरेरे," पाहुणे म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच्या हातानं रिळाच्या डब्यावर लिहिलं, 'तुकईथड, कै. शेतकरी.' लिहून झाल्यावर आतोबांनी खिशातला रुमाल काढून टेबलावरचा चहा पुसला. जन्मभर मी देवाकडे एकच मागत होतो, की या माणसाला थोडी तरी लाज दे. ती त्यानं दिली तेव्हा मला त्या माडीवर बसवेना. हा मीच, असं त्यांनी गल्लीभर ऐकू जाईल एवढ्यानं ओरडून सांगावं, असं मला फार वाटत होतं.

यंत्र मंडळाकडे राहिलं. तसा कागद भोपाळहून आला आणि त्यावर मंडळाच्या नावातला ळ गळलेला होता. आतोबांनी तो वाचला आणि कपाटात ठेवून दिला. शिक्का खिशातून काढलासुद्धा नाही. पुढे भाजीवाली काय वाटेल ते बोलायची, टांगेवाला बोलायचा, आतोबा नुसतं ऐकून घ्यायचे. शुक्रवारी माणसं यायची, रिळं भरली जायची, मंडळाचं काम वाढलं, बाहेरून लोक ऐकायला येऊ लागले. यंत्र चालू असेपर्यंत मात्र आतोबा खुणांनी बोलायचे. आत्यानं खालून जेवायला हाक मारली तर जिन्यापर्यंत जाऊन हात हलवायचे. मी त्यांच्याबरोबर चौकातून निर्धास्त चालू लागलो. पण आता कपबश्यांचं दुकान दिसलं की मला कसंसंच व्हायचं.

आतोबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी पाहुण्यांचा एक विद्यार्थी ते रीळ उतरवून घ्यायला आला. शुक्रवार होता, माग बंद होते. आत्या हल्ली माडी चढायची नाही, ती त्या दिवशी जिन्याचा कठडा धरत वर आली आणि यंत्रासमोर पाटावर बसली. मी रीळ लावलं. हिंदीच्या मारे मराठी बिघडवू राहिले, असं आतोबा पुन्हा मोठ्या तळमळीनं सांगू लागले. आत्याच्या हाकेची जागा आली, "येऊ राहिलो ना वं" आलं, आणि आत्यानं पदर तोंडाला लावला.

विद्यार्थ्यानं डब्यावरची अक्षरं वाचली आणि अदबीनं विचारलं, "हे तुकईथडचे शेतकरी कोण होते?"

"आमचे आतोबा," मी म्हणालो.

त्याला काही समजलं नाही. तो माझ्याकडे आणि डब्याकडे आलटून पालटून बघत राहिला. आत्यानं डोळे पुसले आणि मोठ्या अभिमानानं त्याला म्हणाली, "पाहा ना बाबा, किती शुद्ध बोलू राहिले! आता आपल्या गावात असं कोण बोलू राहिलं?"

"कोणीच नाही वं, आत्या," मी म्हटलं, आणि तिनं सांगितलं म्हणून रीळ पुन्हा पहिल्यापासून लावलं.