भूकंप येणार नाही, असं मी म्हटलं नव्हतं

पावसाळा सरता सरता पनवेलजवळ, नेऱ्याच्या पुढे, डोंगराखालच्या एका गावात हादरे बसायला लागले. आधी जमिनीखालून धाडकन आवाज, मग दोन-तीन क्षण फळीवरची भांडी वाजायची. गावाने खडीच्या खाणीला दोष दिला. खाणीतले सुरुंग आठवडाभर बंद राहिले, तरी आवाज थांबले नाहीत. मग आमच्या कार्यालयाने भूकंपमापक देऊन मला तिथे पाठवलं. भूगर्भशास्त्र शिकून नोकरीला लागून मला चारच वर्षं झाली होती. माझं घर पनवेलमध्येच. इतक्या जवळ असं काही होईल, असं मलाही कधी वाटलं नव्हतं.

यंत्राला शांत आणि खडकावरची जागा लागते. ती अंगणवाडीच्या मागच्या खोलीत मिळाली. तिथल्या सेविकेला सगळं गाव ताई म्हणायचं. पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी मुलांना बजावलं, "त्या खोलीत उड्या मारायच्या नाय. मशीन जमिनीचं ऐकतंय."

मला मात्र पहिल्याच दिवशी विचारलं, "भूकंप तर जपानात येतो. आपल्याकडं कसा?"

"जपान जमिनीच्या मोठ्या तुकड्यांच्या सांध्यावर आहे, आपण एका तुकड्याच्या मधोमध," मी म्हटलं. "पण हा अख्खा तुकडा उत्तरेला सरकतोय, हिमालयाला रेटतोय. तो रेटा इथल्या खडकातही भरून राहतो. पनवेलच्या या पट्ट्यात तर काळ्या खडकाचे थर समुद्राकडे वाकलेत, जुन्या भेगा आहेत. पावसाचं पाणी खोल मुरून एखादी भेग थोडी सुटत असावी. नक्की माहीत नाही."

"म्हंजे ढकलाढकली तिकडं अन् दुखनं इकडं."

"तसंच."

"मंग मोठा येनार हाय का?"

"सांगता येत नाही, ताई."

मान हलवून त्या तांदूळ निवडायला बसल्या.

दोन आठवड्यांनी, एका गुरुवारी सकाळी गावात पोहोचले तर देवळापुढचं मैदान भरलेलं. लोकांनी बाजा, हंडे, शेळ्या, सगळं बाहेर आणलं होतं. एका म्हाताऱ्याला खाटेसकट उचलून आणलं होतं. रात्रीतून सगळ्यांच्या मोबाइलवर मेसेज फिरला होता : उद्या अकरा वाजता मोठा भूकंप. खाली आमच्या कार्यालयाचं नाव.

पोलीस पाटील धावत आले. "मॅडम, तुमचंच नाव हाय यात. तुमीच सांगा लोकांना."

मला घाबरायला हवं होतं. मला राग आला. देवळाचा माइक हातात घेतला आणि म्हटलं, "हा मेसेज खोटा आहे. भूकंपाची वेळ जगात कुणालाही आधी सांगता येत नाही. घाबरू नका. आपापल्या घरी जा."

माणसं उठायला लागली. कुणीतरी हसलं. बायका हंडे उचलून निघाल्या. ताई तेवढ्या माझ्याजवळ आल्या.

"येनार नाय, असं बोलताय का तुमी?"

"नाही. वेळ सांगता येत नाही, एवढंच म्हटलं मी."

"मंग येऊ शकतो, ते पन सांगा ना माइकवर."

मी मैदानाकडे पाहिलं. निम्मं रिकामं झालं होतं. आता परत बोलले तर पुन्हा गोंधळ होईल, मेसेजच खरा वाटेल. "राहू द्या," मी म्हटलं. "मी आहे ना इथे."

ताई वळून अंगणवाडीकडे गेल्या. त्या दिवशी मात्र त्यांनी मुलांना आत घेतलं नाही. अंगणातल्या चिंचेखाली सतरंजी टाकून तिथेच गाणी म्हणवून घेतली. अकरा वाजले, काही झालं नाही. पोलीस पाटलांनी लांबूनच मला हात केला. मला बरं वाटलं, हे कबूल करते.

साडेबाराच्या सुमाराला ताई खिचडी वाढत होत्या. मी मागच्या खोलीत यंत्रापुढे उकिडवी बसले होते. आवाज आधी कानाला नाही, पायांना कळला. ट्रकमधून खडी ओतावी तसा, पण खालून. फरशी डावीकडे गेली, मग उजवीकडे. छताचे पत्रे कडकडले. मला सगळं पाठ होतं, काय करायचं, कुठे बसायचं. मी काहीच केलं नाही. तशीच बसून राहिले. पुढच्या खोलीत काहीतरी प्रचंड कोसळलं आणि दारातून पांढरी धूळ आत आली. तेव्हा उठून पळाले.

आढ्याखालची त्रिकोणी भिंत आत पडली होती. रोज मुलं जिथे ताटल्या घेऊन रांगेत बसायची, नेमकी तिथे. वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून वर ठेवलेले दगड त्या विटांमध्ये येऊन पडले होते. ते दगड मी दोन आठवडे रोज पाहत होते.

बाहेर ताई मुलांच्या डोक्यांना हात लावून मोजत होत्या. एक कमी. पुन्हा मोजली. पुन्हा एक कमी.

"तिची आई घेऊन गेली," ताई एकदम म्हणाल्या. "तुमी माइकवर बोललात, तेवाच."

आम्ही दोघी धावलो. ते घर वस्तीच्या टोकाला, ओढ्याजवळ. मुलगी अंगणात उभी राहून रडत होती, तिला साधा ओरखडाही नव्हता. आई उंबऱ्याबाहेर पडली होती. मुलीला पुढे ढकलून स्वतः बाहेर पडताना पत्र्यावरचा दगड तिच्या उजव्या खांद्यावर आला होता. हात विचित्र लोंबत होता.

भाजीच्या टेम्पोत घालून तिला पनवेलला आणलं. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. प्रत्येक खड्ड्याला ती कण्हायची. वाटेत तिने डोळे उघडले. आवाजात राग नव्हता, नुसतं कोडं होतं.

"मॅडम, तुमी बोललात ना, घाबरू नका?"

मी तिच्या कपाळावरची धूळ पुसली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा माइक मागितला. पोलीस पाटलांनी तो दिला, पण माझ्याकडे न पाहता. मी सांगितलं की काल जे बोलले ते अर्धंच होतं. मोठा हादरा येईल की नाही, मला माहीत नाही आणि कुणालाच माहीत नाही. म्हणून जे डोक्यावर पडू शकतं, ते आधी खाली उतरवा. मागून एक माणूस ओरडला, "काल का नाय सांगितलंत?" मी म्हटलं, "चुकले."

पहिली शिडी ताईंनी लावली, शेजारच्या घराला. आठवडाभरात बहुतेक पत्र्यांवरचे दगड उतरले. पत्रे लोखंडी आकड्यांनी वाशांना आवळले. अंगणवाडीची भिंत पुन्हा बांधताना वरची विटांची त्रिकोणी बाजू काढून तिथे हलका पत्रा लावला, आणि खाली चारही भिंतींवरून सळई घातलेली काँक्रीटची पट्टी फिरवली. मुलं शिमग्यापर्यंत चिंचेखालीच बसली.

हादरे हळूहळू विरळ होत थांबले. का थांबले, हे मी अहवालात नीट लिहू शकले नाही. साहेबांनी तिथे लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढलं. मी ते तसंच ठेवलं.

त्या बाईचा खांदा जुळला, पण हात डोक्याच्या वर जात नाही. गेल्या हिवाळ्यात पनवेलच्या बाजारात ती वालाच्या शेंगा विकताना दिसली. तिने ओळख दिली नसती तरी चाललं असतं; पण तिनेच हाक मारली. मुलगी आता शाळेत जाते, म्हणाली. शेंगा तोलताना ताजवा तिने डाव्या हातात धरला होता.